कॉलेज अर्धवट सोडून एनएफएलमध्ये जावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. दर डिसेंबर-जानेवारीत तिथल्या कॉलेज संघांतल्या अव्वल खेळाडूंपुढे एकच पेच असतो: कॉलेजात अजून एखादा हंगाम खेळायचा, की आताच एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये उतरायचं? ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी ठरलेल्या क्रमाने, सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडण्याची पद्धत. या निर्णयाचे नियम, पैसे, तारखा आणि धोके यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांमुळे ज्या मराठी घरांत शनिवारी टीव्हीवर कॉलेजचे सामने लागतात, त्यांनाही बातम्यांमागचं गणित यातून समजेल.

कोणता खेळाडू लवकर जाऊ शकतो? पहिल्या वर्षानंतर का जाता येत नाही?

हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कोणालाही घेत नाही. ही तीन वर्षं मैदानावर घालवलीच पाहिजेत असं नाही. पहिलं वर्ष राखीव राहून काढलेला, म्हणजे ‘रेडशर्ट’ झालेला खेळाडू दोनच हंगाम खेळून पात्र होतो. सॅम डार्नोल्ड २०१८ मध्ये असाच आला आणि तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

उलट बाजूचं उदाहरण ओहायो स्टेटच्या जेरेमाया स्मिथचं. २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने देशातल्या उत्तम रिसीव्हरांत (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांत) जागा मिळवली, तरी २०२७ च्या ड्राफ्टपर्यंत त्याला थांबणं भागच आहे.

या नियमाला कोर्टात आव्हान दिलं तर?

ते देऊन झालं आहे. ओहायो स्टेटचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) मॉरिस क्लॅरेट कोर्टात गेला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला. मे महिन्यात अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. तो निर्णय लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एनएफएलची पात्रतेची अट खेळाडू संघटनेशी असलेल्या सामूहिक वाटाघाटींच्या कक्षेत येते, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा तिला लागू होत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

या प्रकरणात खरं नुकसान झालं ते यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) माइक विल्यम्सचं. खालच्या कोर्टाचा निकाल ऐकून त्यानेही ड्राफ्टसाठी नाव दिलं आणि एजंट नेमला. निकाल फिरल्यावर एनएफएलचं दार बंद झालं आणि कॉलेजची पात्रताही परत मिळाली नाही. २००४ चा अख्खा हंगाम त्याचा घरी बसून गेला. २००५ मध्ये तो दहावा निवडला गेला. क्लॅरेटला डेन्व्हरने १०१ वा घेतला, पण एनएफएलच्या नियमित हंगामात तो एकही सामना खेळला नाही. नियम बदलेल या आशेवर कागदावर सही करू नये, एवढं या दोघांकडे पाहून नक्की म्हणता येतं.

आपण कितव्या फेरीत जाऊ हे आधी कळतं का?

अंदाज कळतो आणि तो फुकट मिळतो. एनएफएलची ‘कॉलेज ॲडव्हायजरी कमिटी’ आहे. तिच्यात संघांचे निवड अधिकारी आणि दोन मोठ्या स्काउटिंग (खेळाडू पारखणाऱ्या) संस्थांचे संचालक असतात. खेळाडूने आपल्या कॉलेजमार्फत अर्ज करायचा. कमिटी खेळाच्या चित्रफिती पाहून तीनपैकी एक उत्तर देते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा दोन्ही नाही. तिसऱ्या उत्तराचा सरळ अर्थ ‘कॉलेजातच राहा’ असा घ्यायचा. एका कॉलेजातून किती अर्ज पाठवायचे यावर मर्यादा असते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच प्रशिक्षकाच्या कानावर घालून ठेवावं.

या उत्तराने कोणी बांधलेलं नसतं. कमिटीने पाहिलेला असतो तो फक्त खेळ. वैद्यकीय तपासणी, मुलाखत, धावण्याचा वेग हे सगळं पुढे व्हायचं असतं. शिवाय त्या वर्षी त्याच जागेवरचे किती चांगले खेळाडू उतरणार हेही डिसेंबरात ठाऊक नसतं. म्हणून पहिल्या फेरीचा अभिप्राय मिळालेला खेळाडू दुसऱ्या फेरीत घसरू शकतो. पण ‘दोन्ही नाही’ असा शेरा मिळूनही केवळ मित्रमंडळींच्या आणि सोशल मीडियाच्या भरवशावर जाणं, ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महागडी चूक आहे. इंटरनेटवरच्या ‘मॉक ड्राफ्ट’, म्हणजे अंदाजी निवडीच्या, याद्या लिहिणारे बहुतेक जण संघांच्या निवड खोलीत बसत नाहीत.

तारखा कशा असतात?

समितीकडे अर्ज नियमित हंगाम संपता संपता जातो आणि उत्तर साधारण नाताळाच्या आसपास हातात पडतं. ड्राफ्टसाठी नाव देण्याची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते, बहुतेक वर्षी १५ तारखेच्या आगेमागे. कॉलेज प्लेऑफ (विजेता ठरवणारी बाद फेरी) आता बारा संघांची आहे आणि अंतिम सामना जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जातो (२०२५ मध्ये तो २० जानेवारीला झाला). त्या शेवटच्या संघांच्या खेळाडूंना थोडे जास्त दिवस मिळतात. फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला ‘कॉम्बाइन’ (खेळाडूंची एकत्रित चाचणी), मार्चमध्ये प्रत्येक कॉलेजात ‘प्रो डे’ (कॉलेजातच होणारी चाचणी) आणि एप्रिलच्या अखेरीस तीन दिवसांचा ड्राफ्ट.

याच काळात ट्रान्सफर पोर्टलही, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची नोंदणी, उघडतं. २०२६ साली त्याची खिडकी २ ते १६ जानेवारी अशी होती, म्हणजे ड्राफ्टची मुदत आणि दुसऱ्या कॉलेजात जाण्याची मुदत जवळजवळ एकत्रच संपल्या. म्हणून ‘आधी ड्राफ्टचं बघू, मग पोर्टलचं’ असा क्रम लावता येत नाही. ड्राफ्ट, आहे तेच कॉलेज किंवा नवं कॉलेज, या तिन्हींचे आकडे जानेवारी उजाडण्याआधी समोर हवेत. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, त्यामुळे कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (नियमपालन विभागाकडून) त्या लेखी घ्याव्यात.

एकदा जाहीर केल्यावर परत फिरता येतं का?

मुदतीच्या आत येतं, पण एजंटशी करार केलेला नसेल तरच. मुदतीनंतर माघारीसाठी साधारण तीन दिवसांची सवलत देण्याचीही पद्धत आहे. या फटीचा सर्वांत मोठा फायदा कॅम वॉर्डला झाला. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला त्याने ड्राफ्टसाठी जात असल्याचं जाहीर केलं. दोन आठवड्यांच्या आत विचार बदलून तो मायामी विद्यापीठात गेला, एक झळाळता हंगाम खेळला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. जॉर्जियाचा कार्सन बेकही वर्षभराने असाच ड्राफ्ट जाहीर करून मागे फिरला.

मुदत आणि सवलत दोन्ही संपल्यावर मात्र दार बंद होतं. निवड झाली नाही म्हणून फुटबॉलमध्ये कॉलेजात परत येता येत नाही. कॉलेज बास्केटबॉलचे नियम याबाबत वेगळे आहेत आणि त्यावरून लोकांचा नेहमी घोटाळा होतो.

कोणत्या फेरीत किती पैसे मिळतात?

२०११ च्या करारापासून नवख्यांचे पगार क्रमांकानुसार जवळपास ठरलेले आहेत. त्याआधी २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा होता. आता आकडे पुन्हा चढले आहेत. २०२४ चा पहिला खेळाडू केलेब विल्यम्सला चार वर्षांचे सुमारे ३ कोटी ९५ लाख डॉलर मिळाले, सगळे हमीचे. त्याच वर्षी ३२ व्या, म्हणजे पहिल्या फेरीतल्या शेवटच्या, क्रमांकाचा करार सुमारे १ कोटी २० लाखांचा होता. दुसऱ्या फेरीची सुरुवात साधारण १ कोटीने होते आणि तिच्या अखेरीस आकडा पासष्ट-सत्तर लाखांवर येतो.

पण एकूण आकड्यापेक्षा हमीचा आकडा पाहायचा. सातव्या फेरीतल्या खेळाडूचा चार वर्षांचा करारही कागदावर ४० लाख डॉलरच्या पुढे दिसतो. त्यातला पक्का पैसा म्हणजे फक्त सुरुवातीचा बोनस, लाखाच्या आसपास. ऑगस्टअखेर संघ ९० वरून ५३ जणांवर आणताना त्याला काढलं, तर उरलेला करार रद्दी होतो. पहिल्या फेरीत हा धोका जवळपास नसतो, कारण तिथले करार पूर्ण हमीचे असतात. दुसऱ्या फेरीत हे चित्र आत्ताच बदलतंय. २०२५ मध्ये ह्यूस्टनने ३४ व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला संपूर्ण हमीचा करार दिला. दुसऱ्या फेरीत असं त्याआधी घडलं नव्हतं.

आणखी दोन गोष्टी. पहिल्या फेरीच्या खेळाडूला संघ एकतर्फी पाचव्या वर्षासाठी राखून ठेवू शकतो, आणि ड्राफ्टमधला कोणताही खेळाडू तीन हंगाम संपल्याशिवाय करार नव्याने बोलू शकत नाही.

आता कॉलेजातही पैसे मिळतात. मग घाई कशाला?

गेल्या काही वर्षांत या निर्णयाचं गणित सर्वांत जास्त बदललं ते इथेच. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यांवर पैसे कमावता येतात. सगळे याला एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये कोर्टाने मोठा समझोता मंजूर केला. २०२५-२६ पासून प्रत्येक कॉलेज स्वतःच आपल्या खेळाडूंना पैसे वाटू शकतं; त्या पहिल्या वर्षी सगळ्यांना मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची होती. मोठ्या कॉलेजांत त्यातला बहुतांश भाग फुटबॉलकडे जातो. परिणाम आकड्यांत दिसतो: २०१९ मध्ये शंभराहून जास्त खेळाडूंनी पात्रता शिल्लक असताना विशेष परवानगीने ड्राफ्टमध्ये नाव दिलं होतं, २०२४ मध्ये ही संख्या साठाच्या आत आली.

तुलना मात्र नीट करावी लागते. पहिल्या फेरीचा पहिला अर्धा भाग पक्का असेल, तर कॉलेजचे पैसे त्याच्या जवळपासही जात नाहीत. तिथे थांबणं परवडत नाही. चौथ्या ते सातव्या फेरीत चित्र उलटं होतं, आणि क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूच्या) बाबतीत तर ठळकपणे उलटं. टेक्सासचा क्विन ईवर्स २०२५ मध्ये सातव्या फेरीत २३१ वा निवडला गेला. त्याचा बोनस सव्वा लाखाच्या आसपास होता. दुसऱ्या कॉलेजात गेला असता तर त्याला एका हंगामाचे लाखो डॉलर मिळाले असते, अशा बातम्या तेव्हाच येत होत्या. तरीही तीन वर्षं मोठ्या संघाचं सुकाणू सांभाळल्यावर त्याला नव्या संघात नव्याने सुरुवात करायची नव्हती, तर तेही समजण्यासारखं आहे.

कॉलेजचा करार हाती आला की दोन कलमं आधी वाचायची: ड्राफ्टला गेल्यास काही रक्कम परत करावी लागते का, आणि दुखापत झाल्यास हप्ते थांबतात का. शिवाय एनआयएलच्या पैशातून कर कापून येत नाही. खेळाडू स्वयंरोजगारी धरला जातो. तिमाही कर स्वतः भरावा लागतो आणि १५.३ टक्के स्वयंरोजगार करही लागतो. मिळालेल्या प्रत्येक रकमेतला एक तृतीयांश भाग वेगळ्या खात्यात टाकलेला बरा, नाहीतर एप्रिलमध्ये पंचाईत होते.

एक वर्ष थांबल्याने नक्की काय जातं?

एक पगारी वर्ष जातं, पण ते शेवटचं जातं. नवख्यांचा करार स्वस्त असतो. मोठा पैसा दुसऱ्या करारात असतो. एकविसाव्या वर्षी आत गेलेला खेळाडू पंचविसाव्या वर्षी त्या टेबलावर बसतो, तेविसाव्या वर्षी गेलेला सत्ताविसाव्या. रनिंग बॅक, कॉर्नरबॅक अशा वेगावर जगणाऱ्या जागांवर ही दोन वर्षं फार महाग पडतात. पेन्शनचा हक्कही तीन गणलेल्या हंगामांनंतर मिळतो, आणि एका हंगामात किमान तीन सामने पूर्ण पगारी यादीत असलं तर तो गणला जातो.

कोणत्या जागेवर खेळतो यावर निर्णय बदलतो का?

बराच. रनिंग बॅकच्या गुडघ्यावर प्रत्येक धावेचा हिशेब मांडलेला असतो. दुसऱ्या फेरीचा अभिप्राय असला तरी त्याने जावं, असं आमचं मत आहे. कॉलेजात घेतलेल्या अडीचशे टकरींचे पैसे पुढे कोणी देत नाही.

ऑफेन्सिव्ह लाइनच्या (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीच्या) खेळाडूचं उलट आहे. ताकद आणि तंत्र वयाबरोबर वाढतं, कारकीर्द लांब चालते, आणि एक चांगला जास्तीचा हंगाम फेरी वर नेऊ शकतो.

क्वार्टरबॅकचा प्रश्न सर्वांत अवघड. त्याला सामने हवेत, कारण बचावाची मांडणी वाचणं खेळूनच येतं. जेडन डॅनियल्स २०२३ च्या हंगामासाठी एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) थांबला, हाइस्मन हा सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार जिंकला आणि दुसरा निवडला गेला. जो बरोने एलएसयूतल्या शेवटच्या हंगामात स्वतःला पहिल्या क्रमांकावर नेलं. पण मॅट बार्कली २०१२ साठी यूएससीत परतला, खांदा दुखावला आणि २०१३ मध्ये थेट ९८ वा गेला. मॅट लायनार्ट २००५ मध्ये पहिल्या क्रमांकाचा दावेदार मानला जात होता. एक वर्ष थांबल्यावर तो दहावा गेला. उलट फक्त १३ सामन्यांत सुरुवात केलेला फ्लोरिडाचा अँथनी रिचर्डसन २०२३ मध्ये चौथा निवडला गेला. क्वार्टरबॅकसाठी म्हणून एकच नियम सांगतो: पहिल्या दहांत जाण्याची खात्री देणारे संघ असतील तर जावं, नसतील तर खेळावं.

थांबलो आणि दुखापत झाली तर?

हा धोका खरा आहे, आणि तो फक्त थांबलेल्यांचा नाही. पेन स्टेटचा क्वार्टरबॅक ड्रू ॲलर २०२५ च्या हंगामासाठी परतला आणि ऑक्टोबरातच पायाच्या दुखापतीने त्याचा हंगाम संपला. जेलन स्मिथ तर थांबलाही नव्हता. नोटर डेमकडून १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बोलमध्ये (हंगामाअखेरच्या खास सामन्यांना ‘बोल’ म्हणतात) त्याचा गुडघा गेला आणि पहिल्या पाचांत अपेक्षित असलेला हा लाइनबॅकर ३४ वा गेला. पहिलं पूर्ण वर्ष त्याने बाहेर काढलं. साउथ कॅरोलिनाचा मार्कस लॅटिमोर लागोपाठ दोन ऑक्टोबरांत गुडघे गमावून २०१३ मध्ये चौथ्या फेरीत गेला आणि एनएफएलमध्ये एकही सामना न खेळता निवृत्त झाला.

गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर परत येण्यास साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरची दुखापत सर्वांत वाईट. ती कॉम्बाइन बुडवते आणि नवखा हंगामही अर्धा खाते.

विमा काढता येतो ना?

येतो, दोन प्रकारचा. एक कायमच्या अपंगत्वाचा: पुन्हा खेळताच आलं नाही तर पैसे. दुसरा ‘किंमत घसरण्याचा’: दुखापतीमुळे निवड एका ठरलेल्या क्रमांकाखाली गेली तर फरक भरून देणारा. दुसरा सहसा पहिल्याच्या जोडीनेच मिळतो. हप्ता साधारण दर दहा लाख डॉलरच्या विम्याला वर्षाला आठ-दहा हजार डॉलर असा असतो. अनेक कॉलेजं आपल्या विद्यार्थी निधीतून तो भरतात. विचारल्याशिवाय मात्र कोणी सांगत नाही.

पैसे मिळाल्याची उदाहरणं आहेत. ओरेगॉनच्या इफो एक्प्रे-ओलोमूला २०१४ च्या दुखापतीनंतर ३० लाख डॉलर मिळाल्याचं छापून आलं. मिशिगनचा जेक बट डिसेंबर २०१६ च्या ऑरेंज बोलमध्ये जायबंदी होऊन पाचव्या फेरीत गेला, त्याला पाच लाखांवर मिळाले. पण दावे फेटाळलेही गेले आहेत, काही कोर्टात गेले. फेटाळण्याची कारणं तीच ती असतात: अर्जात जुनी दुखापत लपवलेली, घसरणीचं कारण दुखापत नसून खराब खेळ असल्याचा कंपनीचा दावा, किंवा पॉलिसी हंगामाच्या मध्यावर घेतलेली. ऑगस्टच्या आधी पॉलिसी घ्यावी, प्रत्येक जुना एमआरआय जोडावा, आणि किती क्रमांकाखाली गेलं की पैसे सुरू होतात हा आकडा लेखी बघावा. खेळ खराब झाला म्हणून घसरण झाली तर एकही पॉलिसी पैसे देत नाही.

जायचं ठरवल्यावर शेवटचा बोल सामना खेळावा का?

डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लिओनार्ड फूर्नेट यांनी आपापले बोल सामने सोडले, तेव्हा फार ओरड झाली. चार महिन्यांनी फूर्नेट चौथा आणि मॅकॅफ्री आठवा निवडला गेला. निवड अधिकारी यासाठी दंड करत नाहीत हे तेव्हाच सिद्ध झालं. मिसिसिपीचा मॅट कोरल १ जानेवारी २०२२ चा शुगर बोल खेळला, घोटा दुखावून बाहेर गेला आणि ९४ वा निवडला गेला. नुसता प्रदर्शनी सामना असेल आणि पहिल्या दोन फेऱ्यांची खात्री असेल, तर न खेळणं शहाणपणाचं. प्लेऑफचा सामना असेल तर वेगळी गोष्ट. तिथे साथीदारांचं वर्षभराचं श्रेय पणाला असतं, आणि ते सोडून जाणाऱ्याला ड्रेसिंग रूम लक्षात ठेवते.

एजंट कधी आणि कसा निवडावा?

व्यावसायिक करारासाठी एजंटशी सही झाली की कॉलेजची पात्रता गेली असं धरूनच चालायचं. एनआयएलचा प्रतिनिधी वेगळा, त्याला परवानगी आहे. दोन्ही कामं एकच माणूस करत असेल तर कोणत्या कागदावर सही होते आहे हे कम्प्लायन्स ऑफिसला दाखवावं, कारण गडबड नेमकी इथेच होते.

एजंट खेळाडू संघटनेचा परवानाधारक हवा. कमिशन जास्तीत जास्त ३ टक्के असतं, पण नवख्याचे आकडे आधीच ठरलेले असल्याने ३ टक्के देण्याचं कारण नाही. संघटनेच्या छापील नमुन्यात १.५ टक्के हा आकडा आधीच भरलेला असतो, बदलायचा तर तो खेळाडूच्या संमतीने. करार पाच दिवसांच्या लेखी नोटिशीवर मोडता येतो. जानेवारी ते एप्रिलच्या प्रशिक्षणाचा, राहण्याजेवणाचा खर्च बहुतेक एजंट उचलतात. एजंट बदलला तर तो खर्च परत मागण्याचं कलम असतं, ते वाचावं. ‘मार्केटिंग ॲडव्हान्स’ नावाने जे पैसे पुढे केले जातात ते कर्ज आहे. त्यातून गाडी घेऊ नये.

जानेवारी ते एप्रिल काय करायचं असतं?

कॉम्बाइनला तीनशेच्या वर खेळाडूंना बोलावणं असतं. तिथे ४० यार्ड धाव, उभी आणि लांब उडी, थ्री-कोन आणि शटल धाव, २२५ पौंडांचा बेंच प्रेस आणि मुलाखती होतात. लोकांचं लक्ष धावेवर असतं, संघांचं लक्ष वैद्यकीय तपासणीवर. शाळेत असताना झालेल्या शस्त्रक्रियेचे कागदही आधीच गोळा करून ठेवावेत. सहा-आठ आठवड्यांच्या तयारीत सर्वांत मोठी चूक होते ती वजनाची: बेंच प्रेस वाढवण्याच्या नादात पाच-सात किलो चढतात आणि धाव मंदावते. २०२४ पासून अलाबामातल्या मोबील शहरातल्या सीनियर बोललाही, म्हणजे मुळात शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यालाही, कॉलेज लवकर सोडलेल्यांना बोलावता येतं. लहान कॉलेजातल्या खेळाडूला तो आठवडा सोन्याचा.

पदवीचं काय?

तीन वर्षांत तीस-चाळीस क्रेडिट उरतात, ती नंतर पूर्ण होतात. एमिट स्मिथ १९९० मध्ये तिसऱ्या वर्षानंतर फ्लोरिडातून गेला आणि १९९६ मध्ये त्याने पदवी घेतली. व्यवहाराची गोष्ट एवढीच: जानेवारीच्या सत्राला नाव घातलं असेल तर रीतसर माघार घ्यावी. नुसतं वर्गात जाणं सोडलं तर सगळ्या विषयांत नापास लागतं आणि पाच वर्षांनी परतताना तीच गुणपत्रिका आडवी येते. पदवी पूर्ण करण्याचा खर्च कॉलेज करणार का, हे जाण्याआधी विचारून लेखी घ्यावं.

विद्यार्थी व्हिसावर असलेल्या खेळाडूला हे सगळं लागू होतं का?

ड्राफ्टचे नियम तेच. पैशांचे नाहीत. एफ-१ व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम करणं हे परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं आणि त्याने व्हिसा जाऊ शकतो. म्हणून अशा खेळाडूसाठी ‘थांबून कॉलेजात कमावतो’ ही बाजू लंगडी पडते. व्यावसायिक संघाकडे गेल्यावर खेळाडूंचा पी-१ व्हिसा असतो आणि तिथे पगार घेता येतो. कोणत्याही एनआयएल करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकील गाठावा. कॉलेजचा कोच हा त्या विषयातला माणूस नाही.

निवडच झाली नाही तर?

ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात, सुमारे २५७ नावं. शेवटचं नाव पुकारलं की काही मिनिटांत फोन सुरू होतात आणि न निवडलेल्यांना तीन वर्षांचे करार देऊ केले जातात. बोनस थोडाच असतो, पण संघ स्वतः निवडता येतो, आणि सातव्या फेरीत नको त्या संघाकडे जाण्यापेक्षा हे कधीकधी बरं ठरतं. फोन घेताना बोनसपेक्षा त्या संघात आपल्या जागेवर किती जण आहेत आणि त्यांतल्या कितींचे करार पुढच्या वर्षी संपतात ते विचारावं. शनिवारच्या गडबडीत हे शोधायला वेळ नसतो. म्हणून एजंटाकडून आठ-दहा संघांची यादी आठवडाभर आधीच तयार करून घ्यावी.

५३ जणांत जागा मिळाली तर २०२५ च्या दराने नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर. नाही मिळाली तर प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावासाठी ठेवलेल्या राखीवांचा गट), त्याच वर्षीच्या दराने आठवड्याला १३ हजार, म्हणजे १८ आठवडे टिकल्यास २ लाख ३४ हजार. हे पैसे आठवड्यागणिक असतात, मंगळवारी काढलं तर बुधवारपासून बंद. पहिल्या वर्षी भाडेकरार महिन्याच्या बोलीवरच करावा आणि सामान दोन सूटकेसांत मावेल एवढंच ठेवावं.